अँटिलोप कॅन्यन एका दिवसात: आधी वेळ पक्की करा, मग रस्ता

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या पेज गावात सूर्य बाराला डोक्यावर येत नाही. अ‍ॅरिझोनाची घड्याळं १०५ अंश पश्चिम रेखावृत्तावर लावलेली, आणि पेज त्याच्याही सहा-साडेसहा अंश पश्चिमेला. म्हणून उन्हाळ्यात तिथे सूर्य सर्वांत उंच पोचतो तो साडेबाराच्या आगेमागे. पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यन या घळीच्या सहलीची आखणी या साडेबारापासून मागे मागे मोजत करायची असते. निघायचं कधी, पेट्रोल कुठे भरायचं, हॉर्सशू बेंड हे नदीचं वळण आधी की नंतर, हे सगळं त्यावरून ठरतं. पुष्कळजण उलट करतात. आधी विमान, मग गाडी, मग हॉटेल आणि सगळ्यात शेवटी घळीची वेळ. तोवर उरलेली असते सकाळी आठची नाहीतर दुपारी चारची.

घळ हाच शब्द इथे चपखल बसतो. ग्रँड कॅन्यनसारखा कडा, समोर पसरलेली दरी, असं इथे काही नाही. वाळूच्या सपाट माळावर एक भेग दिसते, आणि त्या भेगेत खाली सुमारे १२० फूट खोल नागमोडी वाट कोरलेली असते. घळीचे लोकांना माहीत असलेले भाग मुख्यतः दोन, अप्पर आणि लोअर. दोन्ही नावाहो राष्ट्राच्या, म्हणजे नावाहो आदिवासींच्या स्वशासित प्रदेशाच्या, भूमीवर, पेजच्या पूर्वेला महामार्ग ९८ च्या दोन बाजूंना. १९९७ पासून हे नावाहो आदिवासी उद्यान आहे आणि परवानाधारक गाइडशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही, कारण हे राष्ट्रीय उद्यानच नव्हे. सहलीचं शुल्क वेगळं आणि नावाहो राष्ट्राचं परवाना शुल्क वेगळं. दिसणाऱ्या किमतीत दुसरं धरलेलं आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहून घ्या.

दोघं जात असाल तर पहिला निर्णय: अप्पर की लोअर? अप्परचा आडवा छेद इंग्रजी 'ए' अक्षरासारखा, वर चिंचोळा आणि तळाशी रुंद. लोअर 'व्ही'सारखी, वर उघडी आणि तळाशी इतकी अरुंद की काही ठिकाणी एक पाऊल पुढे, एक मागे असंच चालावं लागतं. प्रकाशाचा सगळा फरक यातून येतो. अप्परमध्ये वरच्या फटीतून उन्हाची एखादीच तिरीप आत येते, खालचा कक्ष अंधारा असतो, म्हणून ती तिरीप खांबासारखी उभी दिसते. जगभर फिरलेली छायाचित्रं याच खांबांची. लोअरमध्ये उजेड वरून सैल सांडतो आणि भिंतींवरून खाली झिरपत येतो. खांब क्वचित, पण रंग जास्त आणि दिवसातला जास्त वेळ टिकणारे.

प्रकाशाचे खांब साधारण मार्चच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आणि तेही अकरा ते दीडच्या दरम्यानच दिसतात. पेज जवळजवळ ३७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. जूनच्या अखेरीस तिथला दुपारचा सूर्य क्षितिजापासून ७६ अंश वर असतो, डिसेंबरच्या अखेरीस जेमतेम ३०. एवढ्या तिरक्या उन्हाला चिंचोळ्या फटीतून तळ गाठता येत नाही, ते वरच्याच भिंतीवर अडतं. डिसेंबरात अप्परची साडेबाराची वेळ घेऊन खांबाची वाट पाहणं म्हणूनच व्यर्थ. हिवाळ्यात जायचं असेल तर लोअर घ्या, असं मी निःशंक सांगेन. उन्हाळ्यात खांब पाहायचे तर अप्परची अकरा ते साडेबाराच्या दरम्यान सुरू होणारी वेळ घ्या. ती सर्वांत महाग असते आणि महिनोन् महिने आधी भरते. जोडीतल्या एकालाच छायाचित्रणाचं वेड असेल आणि दुसऱ्याला नुसतं डोळे भरून पाहायचं असेल, तर लोअरवर दोघांचं समाधान लवकर होतं.

गुडघ्यांचाही विचार करा. लोअरमध्ये उतरायला आणि बाहेर यायला उभ्या लोखंडी शिड्या आणि जिने आहेत, पहिलाच उतार दोन्ही हातांनी कठडा धरून उतरण्याचा. घळ सुमारे १,३३५ फूट लांब. बंद जागेची भीती असणाऱ्याने लोअर टाळलेली बरी. अप्पर सुमारे ६६० फूट, तळ सपाट वाळूचा. मात्र हल्ली तिथे एकाच दिशेने चालतात, आणि पलीकडून बाहेर पडल्यावर जिने आणि उतरणी असलेल्या वाटेने, उन्हातून परतावं लागतं. अप्परला पोचायचं म्हणजे महामार्गापासून ओढ्याच्या कोरड्या वाळूतून उघड्या चार-चाकी गाडीत धक्के खात जायचं. पाठीचं दुखणं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. आठ वर्षांखालचं मूल बरोबर असेल तर त्याची आसनगादी (कार सीट) तुम्हालाच न्यावी लागते, नाहीतर गाडीत बसू देत नाहीत.

दोघांचं बुकिंग एकाच वेळी, एकाच नावावर करा. वेगवेगळं केलंत तर वेळ तीच असूनही गट वेगळे पडतात.

आता घड्याळ. यावर थोडं रेंगाळतो, कारण इथे खरोखरच सहली बुडतात. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. शेजारचं यूटा राज्य करतं. नावाहो राष्ट्राचा बराच भाग अ‍ॅरिझोनातच असूनही तेही करतं. अँटिलोप कॅन्यन नावाहो भूमीवर आहे, तरीही तिथल्या सहली पेजच्या, म्हणजे अ‍ॅरिझोनाच्या वेळेने चालतात. म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घळीच्या आजूबाजूला दोन वेगळ्या वेळा नांदत असतात, आणि तुमचा फोन ज्या मनोऱ्याचा संदेश पकडेल ती वेळ दाखवतो. वाहनतळाच्या एका टोकाला अकरा आणि दुसऱ्या टोकाला बारा, असंही होऊ शकतं. फोनमधली आपोआप वेळ लावण्याची सोय बंद करा आणि हाताने अ‍ॅरिझोनातलं फीनिक्स शहर निवडा. दोघांच्याही फोनवर.

उन्हाळ्यातल्या गोंधळाने माणूस बहुधा लवकरच पोचतो: यूटाच्या किंवा नावाहो वेळेने निघालात तर पेजमध्ये एक तास हाताशी उरतो. उशीर होतो तो हिवाळ्यात आणि लास वेगसहून येणाऱ्यांना. उन्हाळ्यात नेवाडा, म्हणजे वेगसचं राज्य, आणि अ‍ॅरिझोना यांची घड्याळं जुळतात, हिवाळ्यात मात्र पेज वेगसच्या एक तास पुढे असतं. वेगसच्या घड्याळाने 'वेळेत' पोचलेला माणूस खिडकीशी उभा राहतो तेव्हा त्याचा गट घळीतून बाहेर येत असतो. उशिरा आलेल्यांना पुढच्या गटात जागा असेल तरच घेतात, आणि मधल्या वेळांना ती नसते. पेजहून नावाहो भूमीवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीला जाणाऱ्यांना उन्हाळ्यात असाच फटका बसतो, तिथलं घड्याळ एक तास पुढे असतं.

वेगस ते पेज सुमारे २७५ मैल, न थांबता साडेचार तास. फ्लॅगस्टाफहून सुमारे १३५ मैल, सव्वादोन तास. एका दिवसात वेगसहून जाऊन येणं म्हणजे नऊ तास गाडीत. दोघंही चालवणारे असाल तर होतं. एकटाच चालवणार असेल तर माझं मत स्पष्ट आहे, पेजला किंवा वाटेवरच्या कनॅब गावात रात्रभर मुक्काम करा. वेगसहून बसच्या सहलीही निघतात. पहाटे उचलतात, रात्री सोडतात, वळण आणि घळ दोन्ही दाखवतात. झोपत जाता-येता येतं हा त्यांचा मोठा गुण. पण घळीतली वेळ तुमच्या हातात नसते, म्हणून बुक करताना कोणता भाग आणि साधारण किती वाजता, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

स्वतःच्या गाडीने वेगसहून आंतरराज्य १५ वरून सेंट जॉर्ज, पुढे हरिकेन, मग कोलोरॅडो सिटी आणि फ्रेडोनियामार्गे कनॅब, आणि तिथून महामार्ग ८९ ने पेज. या रस्त्यावर तुम्ही नेवाडातून अ‍ॅरिझोना, मग यूटा, पुन्हा अ‍ॅरिझोना, पुन्हा यूटा आणि शेवटी अ‍ॅरिझोना असे फिरता. फोनची वेळ हाताने लावायला का सांगतो ते इथे कळतं. कनॅब ते पेज सुमारे ७५ मैल आणि मध्ये जवळजवळ काही नाही. पेट्रोल, पाणी आणि स्वच्छतागृह, तिन्ही कनॅबलाच उरका. चालक बदलायचीही हीच जागा. पेजमध्ये पोचण्याची वेळ सहलीच्या किमान दीड तास आधीची धरा. हजेरी वेळेच्या अर्धा ते पाऊण तास आधी द्यावी लागते, आणि उरलेला वेळ पंक्चर, रस्त्याचं काम आणि भूक यांच्यासाठी. घळीत स्वच्छतागृह नाही.

हॉर्सशू बेंड आधी की नंतर? हातात दोन तास पूर्ण मोकळे नसतील तर नंतर. पेजच्या दक्षिणेला काही मैलांवर, महामार्ग ८९ ला लागूनच वाहनतळ आहे, पेज नगरपालिकेचा, गाडीमागे १० डॉलर. इथेही राष्ट्रीय उद्यानांचा पास चालत नाही. जाऊन-येऊन दीड मैल चालणं, सावली फार थोडी. कड्यावर थोड्याच भागात कठडा आहे, बाकी कडा उघडा आणि खाली सुमारे १,००० फूट सरळ नदी. वाळूखडकाच्या कडेचा पापुद्रा सुटा असू शकतो, वाऱ्याचा झोतही अचानक येतो. दोघांपैकी एक फोटोसाठी मागे सरकत असेल तर दुसऱ्याने त्याच्या पायांकडे पाहावं. सकाळी लवकर आलात तर वळणाचा मोठा भाग सावलीत काळा पडलेला असतो. सूर्यास्त इथे नेमका समोर होतो. डोळ्यांना सुंदर, कॅमेऱ्याला अवघड. घळीनंतर जेवून अडीच-तीनला गेलात तर पाण्याचा हिरवा रंग अजून दिसतो.

आत काय न्यायचं, याचं उत्तर जवळजवळ काही नाही. पिशव्या, पाठीवरच्या सॅक, कमरेचे पट्टे, तिपाई, सेल्फी काठी, ड्रोन, सगळं बंद. फोन किंवा कॅमेरा गळ्यात, पाण्याची एक बाटली हातात, गाडीची किल्ली आणि ओळखपत्र खिशात. सहलीनंतर गाइडला १५ ते २० टक्के बक्षिशी देण्याची रीत आहे, तेवढ्या नोटाही खिशात असू द्या. बंद बूट घाला, चपलेत वाळू शिरून पाय पोळतो. वसंतात वारा जोराचा असतो आणि वरून वाळू पावसासारखी गळते. तोंडाला रुमाल हवा, डोळ्यांत लेन्स असतील तर त्या दिवशी चष्मा वापरा. जुलैत पेजचं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या वर जातं. आत गारवा असतो, पण हजेरी ते घळीचं तोंड हा वेळ उन्हातच जातो. जानेवारीत सकाळी पारा शून्याखाली असू शकतो आणि उघड्या गाडीत तो चांगलाच जाणवतो. नावाहो भूमीवर दारू निषिद्ध आहे, गाडीच्या डिकीतही नको.

हा खडक म्हणजे नावाहो वालुकाश्म, सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या दगड होऊन राहिलेल्या. भिंतींवर तिरक्या जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात, त्या त्या टेकड्यांच्या उतारांच्या. वाऱ्याने रचलेलं पाण्याने कापलं. खडकातल्या तड्यात पुराचं पाणी शिरतं, त्यात वाळू असते, आणि ती वाळू पॉलिश कागदासारखी भिंत घासते. अरुंद जागी पाणी वेग घेतं, वळणावर गरगरतं, म्हणून भिंतींना लाटांचे आणि रांजणांचे आकार आलेत. तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडचा. पण एकच भिंत एका जागी केशरी आणि दोन पावलांवर जांभळी दिसते, तो प्रकाशाचा खेळ: समोरच्या उन्हात तापलेल्या भिंतीवरून उसळून आलेला उजेड केशरी, आणि जिथे फक्त निळ्या आकाशाचाच उजेड पोचतो तिथे जांभळट निळा.

ज्या पाण्याने ही घळ केली ते अजूनही येतं. १२ ऑगस्ट १९९७ रोजी लोअरमध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात ११ पर्यटक मेले. घळीपाशी त्या दिवशी पाऊस नव्हता म्हणावा इतका थोडा होता. वादळ वरच्या अंगाला, मैलोगणती दूर कोसळलं होतं. उघडा खडक आणि घट्ट माती पाणी पीत नाही. सगळं पाणी कोरड्या ओढ्यात उतरतं आणि तो ओढा घळीत. जिथे दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नाहीत तिथे पाण्याला पसरायला जागा नसते, ते फक्त वर चढतं. तेव्हाच्या लाकडी शिड्या वाहून गेल्या. वाचला तो एकटा गाइड. आज शिड्या खडकाला बोल्टने जखडलेल्या आहेत, वरून टाकायच्या जाळ्या बसवल्या आहेत, हवामान खात्याचा रेडिओ आणि भोंगा तिकीट खिडकीपाशी असतो. ऑक्टोबर २००६ च्या पुरानंतर लोअर पाच महिने बंद होती.

म्हणून डोक्यावर निळं आकाश असताना सहल रद्द झाली तर हुज्जत घालू नका. अ‍ॅरिझोनाचा मान्सून १५ जून ते ३० सप्टेंबर धरला जातो, आणि हे सगळे महिने खांबांच्याही हंगामात येतात. वादळं बहुधा दुपारनंतर चढतात, त्यामुळे या महिन्यांत दीड-दोनच्या वेळेपेक्षा अकराची वेळ अधिक भरवशाची. रद्द झाल्यास पैसे परत की दुसरी वेळ, हा नियम बुकिंग करतानाच वाचून ठेवा. ऑगस्टात जायचं आणि पेजपर्यंत येणं एकदाच जमणार, असं असेल तर दुसरा दिवस राखीव ठेवण्याला पर्याय नाही.

आत चालताना गाइडच्या लगेच मागे राहा. पुढचा गट आणि तुमचा गट यांच्यामध्ये काही क्षण रिकामी वाट मिळते ती तिथेच. मधल्या माणसांच्या फोटोत डोकीच येतात. डोकी टाळायची दुसरी युक्ती म्हणजे कॅमेरा वर धरणं, तसेही सुंदर आकार खांद्याच्या वरच आहेत. चौकटीत आकाशाचा तुकडा घेऊ नका: तो पांढराफट्ट पडतो आणि बाकी सगळं काळवंडतं. फोनवर सर्वांत उजळ भागाला बोट लावा आणि उजेड थोडा खाली ओढा. रंग फिकट येत असतील तर पांढऱ्या रंगाचा समतोल आपोआप वरून 'ढगाळ' वर न्या. स्वयंचलित समतोल केशरी छटेला दोष समजून तो पुसून टाकतो. इथले गाइड हे रोज करतात, फोन त्यांच्या हातात दिलात तर दहा सेकंदांत लावून देतात. फ्लॅश नको, भिंतीचा सगळा उठाव सपाट होतो.

मोठा कॅमेरा असेल तर १६ ते ३५ मिलिमीटरच्या आसपासची एकच लेन्स चढवून जा आणि आत ती काढू नका. एकदा सेन्सरवर बसलेली बारीक वाळू पुसायला गेलात तर ओरखडा पडतो. तिपाई नाही, म्हणून आयएसओ १६०० ते ३२००, छिद्र एफ/४ च्या आसपास आणि वेग सेकंदाच्या तीसाव्या ते साठाव्या भागापर्यंत. कोपरं छातीला टेकवून श्वास रोखून तीन-चार फोटो लागोपाठ घ्या, एक तरी स्थिर येतो. रॉ स्वरूपात घेतलेत तर सावलीतला जांभळा रंग नंतर वर काढता येतो. व्हिडिओला बहुतेक सहलींत मनाई असते. बाहेर आल्यावर फोनच्या चार्जिंगच्या छिद्रात लगेच तार खुपसू नका, आधी उलटा धरून वाळू झटका.

भिंतींना हात लावायचा मोह आवरा. वालुकाश्म चिवट दिसतो पण नखानेही झिजतो. दिने लोक, म्हणजे नावाहो स्वतःला म्हणतात ते, अप्परला त्से बिघानिलिनी म्हणतात: पाणी खडकांतून वाहतं ती जागा. लोअरला हाझदिस्ताझी, नागमोडी खडकांच्या कमानी. जुनी माणसं आत शिरण्यापूर्वी क्षणभर थांबत, मन तयार करत, देवळाच्या उंबऱ्याशी थांबावं तसं. गाइडला भेटल्यावर 'यातेएह' (नमस्कार) आणि निरोप घेताना 'अहेहे' (आभार) म्हणालात तर चेहरा उजळतो. उच्चार चुकला तरी ते न हसता दुरुस्त करून देतात.

वेगसला परतणार असाल तर पेजहून चारच्या आत निघा. वाटेत पाऊण तास मिळाला तर ग्लेन कॅन्यन धरण पाहून घ्या, ७१० फूट उंच, रस्ता त्याच्या शेजारच्या पुलावरूनच जातो आणि पेज गाव १९५७ मध्ये वसलं ते याच धरणाच्या कामगारांसाठी. त्यापुढे कनॅबपर्यंतच्या रस्त्यावर संध्याकाळी हरणं आडवी येतात, म्हणून हा टप्पा उजेडात काढायचा आणि तो दोघांपैकी ज्याची झोप नीट झाली आहे त्याने चालवायचा. हिवाळ्यात नेवाडाची हद्द ओलांडलीत की सकाळी गेलेला एक तास परत मिळतो. उन्हाळ्यात तो मिळत नाही, रात्रीच्या जेवणाची वेळ सांगताना तेवढं लक्षात ठेवा.